साधने बदलतात, साधकाने तयार असावे

व्यवसायातील वेगवान तांत्रिक बदल आणि माणसाची आंतरिक तयारी : एक स्वाध्याय



“हे नवे यंत्र आले, आता माझ्या कामाचे काय होणार?” हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जात आहे. निवृत्तीला दहा वर्षे उरलेले लेखनिक तो विचारतात, गल्लीतले दुकानदार विचारतात, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुलीही विचारतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. जी रोजकीर्द आणि खतावणी आम्ही वर्गात रेघा आखून हाताने लिहायला शिकतो, ती कार्यालयातला संगणक एका क्षणात तयार करतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता पत्रे लिहिते, अहवालाचा मसुदा करते, ग्राहकांना उत्तरेही देते. त्यामुळे हा प्रश्न आम्हा विद्यार्थ्यांसाठी पुस्तकातला राहिलेला नाही.

या पाठात आपण या प्रश्नाकडे शांतपणे पाहणार आहोत. बदल थांबवणे आपल्या हाती नाही. मग आपल्या हाती काय आहे, याचा शोध घ्यायचा आहे. अभ्यासासाठी आपण मुख्यतः हिशेबाचे क्षेत्र घेऊ, म्हणजे बँक, खातेवह्या आणि लेखापरीक्षण. या क्षेत्रातून गेल्या चाळीस वर्षांत तंत्रज्ञानाच्या अनेक लाटा गेल्या आहेत आणि त्यांचे परिणाम आज आपल्याला तपासून पाहता येतात.

१. प्रश्न जुनाच आहे

ज्येष्ठ साधकांना जुनी बँक आठवत असेल. ग्राहक धनादेश देऊन पितळी टोकन घेत आणि बाकावर बसून राहत. लेखनिक जाडजूड खातेवही उघडून नोंद करीत, अधिकारी सही पडताळून पाहत आणि रोखपाल टोकनाचा क्रमांक पुकारत. व्याजाची आकारणी हातानेच होई. खातेवह्यांचा मेळ बसवण्याचे काम कित्येक शाखांत महिनोन्महिने रेंगाळत असे.

या व्यवस्थेत यंत्र येणार म्हणताच भीती निर्माण झाली. ती स्वाभाविक होती. १९६० च्या दशकातच कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाला कर्मचारी संघटनांनी तीव्र विरोध केला होता. पुढे १९८३ साली बँकांची व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांतील यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. १९८७ साली मुंबईत देशातले पहिले एटीएम सुरू झाले. नव्या शतकाच्या आरंभी सर्व शाखा एकाच संगणक प्रणालीने जोडण्याचे काम सुरू झाले. २०१० साली मोबाईलवरून तत्काळ पैसे पाठवण्याची सोय आली आणि २०१६ साली यूपीआय आले. ऑगस्ट २०२३ या एकाच महिन्यात यूपीआयवरून एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. आज भाजीच्या गाडीवरही चौकोनी कोड लावलेला दिसतो.

या प्रवासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०००-०१ या काळात सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. म्हणजे भीती अगदीच निराधार नव्हती. तरीही बँका बंद पडल्या नाहीत आणि बँकेतली माणसेही संपली नाहीत. त्यांच्या कामाचे स्वरूप मात्र पालटले. ज्यांनी हे स्वरूप समजून घेतले त्यांच्यासाठी बदल अवघड असूनही पेलण्याजोगा ठरला.

२. यंत्र काय घेते आणि काय मागे ठेवते?

अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ जेम्स बेसेन यांनी एटीएमचा परिणाम अभ्यासला. एटीएम आल्यावर बँकेच्या खिडकीवरचे रोखपाल नाहीसे होतील, असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात १९८८ ते २००४ या काळात तिथल्या शहरी शाखांमधील रोखपालांची सरासरी संख्या २० वरून १३ वर आली. पण शाखा चालवणे स्वस्त झाल्यामुळे शहरी शाखांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढली. परिणामी रोखपालांची एकूण संख्या कोसळली नाही. त्यांचे काम मात्र बदलले. नोटा मोजण्याचे काम यंत्राकडे गेले आणि ग्राहकाची अडचण समजून घेणे, त्याला योग्य सेवा सुचवणे, हे काम माणसाकडे आले. पुढे मोबाईल बँकिंग आल्यावर ही संख्याही घटू लागली.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, यंत्र सहसा संपूर्ण माणसाची जागा एकदम घेत नाही. ते त्याच्या कामातला एक तुकडा घेते आणि तोही बहुधा पुन्हा पुन्हा करावा लागणारा. दुसरी अशी की, उरलेला तुकडाही कायमचा सुरक्षित नसतो. एका बदलाला जुळवून घेतले म्हणजे झाले, असे कोणालाही म्हणता येत नाही. म्हणून एखादे नवे यंत्र चालवता येणे एवढीच तयारी पुरेशी नाही. यंत्र कोणतेही आले तरी उपयोगी पडतील असे गुण अंगी बाणवावे लागतात.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ सालच्या अहवालातही हेच दिसते. २०३० पर्यंत कामासाठी लागणाऱ्या मूळ कौशल्यांपैकी ३९ टक्के कौशल्ये बदलतील, असा नियोक्त्यांचा अंदाज त्यात नोंदवला आहे. मात्र आज सर्वाधिक आवश्यक कौशल्य कोणते, याचे उत्तर ‘विश्लेषक विचारशक्ती’ असे आले आहे. त्यापाठोपाठ लवचीकता आणि चिकाटी यांचा क्रमांक लागतो. हे गुण कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. ते रोजच्या सरावानेच येतात. असे पाच गुण आता क्रमाने पाहू.

३. अंगी बाणवण्याचे पाच गुण

(१) शिकाऊपणा

वय आणि अनुभव वाढला की “मला माहीत नाही” हे वाक्य ओठांवर यायला कचरते. वीस वर्षे ज्या खुर्चीवर बसून इतरांना सांगितले, त्याच खुर्चीवरून नवशिक्यासारखे विचारायचे म्हणजे अहंकाराला धक्का बसतो. अनेकदा नवे तंत्र अवघड असते म्हणून ते राहून जात नाही. विचारण्याची लाज वाटते म्हणून राहून जाते.

मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘माइंडसेट’ या पुस्तकात दोन प्रकारच्या मनोवृत्ती मांडल्या. एका मनोवृत्तीला वाटते की बुद्धी आणि क्षमता जन्मतः ठरलेल्या असतात. अशा मनाला प्रत्येक चूक ही आपल्या लायकीवरचा निकाल वाटते. दुसऱ्या मनोवृत्तीला वाटते की प्रयत्नाने, योग्य पद्धतीने आणि इतरांच्या मदतीने क्षमता वाढते. अशा मनाला चूक ही पुढच्या प्रयत्नासाठी मिळालेली माहिती वाटते.

शिकाऊपणाचा अर्थ प्रत्येक नव्या गोष्टीमागे धावणे असा मात्र घेऊ नये. रोज एक नवे ॲप येते आणि रोज कोणीतरी सांगते की हे शिकला नाहीत तर मागे पडाल. अशा वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. याने माझ्या कामातली कोणती खरी अडचण दूर होईल? हे शिकायला किती वेळ लागेल? आणि याने माझ्या ग्राहकाचे किंवा सहकाऱ्याचे काही नुकसान तर होणार नाही ना? उत्तरे समाधानकारक असतील तर मन लावून शिकावे. नसतील तर निश्चिंतपणे सोडून द्यावे. घाईने दहा गोष्टींना हात लावण्यापेक्षा एक गोष्ट पुरती शिकलेली बरी.

(२) मुळाची पकड

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली यांचा गणितावरील ग्रंथ छापला गेला. पाचोली हे फ्रान्सिस्कन पंथाचे संन्यासी आणि गणिताचे अध्यापक होते. व्हेनिसचे व्यापारी आधीपासून वापरत असलेली दुहेरी नोंद पद्धती त्यांनी या ग्रंथात समजावून सांगितली. हिशेबाची वही देवाच्या नावाने सुरू करावी, असेही त्यांनी सुचवले आहे. आपल्याकडे वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिण्याची रीत आहे, तिची यावरून आठवण होते.

पाचशेहून अधिक वर्षे उलटली. बोरू गेला, टाक गेला, खातेवही गेली. १९७९ साली व्हिसिकॅल्क हा संगणकावरचा पहिला लोकप्रिय तक्ता-कार्यक्रम आला. १९८० च्या दशकात बेंगळुरूमध्ये गोयंका पिता-पुत्रांनी टॅलीची सुरुवात केली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि विवरणपत्रे ऑनलाइन भरली जाऊ लागली. पण प्रत्येक जमेला तेवढेच नावे असते, हे तत्त्व आजही तेच आहे. ज्याला हे तत्त्व कळले तो कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये थोड्या दिवसांत रुळतो. ज्याने केवळ कोणती कळ कधी दाबायची हे पाठ केले, त्याला पडदा बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मोठ्या उद्योगांनाही हेच लागू पडते. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. तरीही कंपनीचे लक्ष फिल्मच्या नफ्यावरच राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. जपानच्या फुजीफिल्मवरही तेच संकट आले होते. त्या कंपनीने आपल्याजवळचे ज्ञान नव्याने तपासले. फिल्म बनवताना कोलॅजेन आणि रसायनांचे सूक्ष्म ज्ञान त्यांनी कमावले होते. ते ज्ञान त्यांनी टीव्ही-संगणकाच्या पडद्यांसाठी लागणाऱ्या पातळ थरांत, औषधनिर्मितीत आणि त्वचेच्या प्रसाधनांतही वापरले. आपल्या वस्तूला असलेली मागणी संपली तरी आपले ज्ञान संपत नाही, हे त्यांनी ओळखले.

प्रत्येकाने स्वतःला असेच विचारावे: माझ्या कामाचे साधन कोणते आणि मूळ कोणते? शिक्षकाचे साधन फळा आहे आणि मूळ म्हणजे विद्यार्थ्याला कुठे अडते ते ओळखणे. दुकानदाराचे साधन वजनकाटा आहे आणि मूळ म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास. साधनाशी सैल नाते ठेवावे, मुळाशी घट्ट.

(३) विवेक

आता या पाठातला सर्वांत गंभीर भाग पाहू. यंत्र वापरायला शिकणे जेवढे आवश्यक आहे, तेवढेच यंत्राच्या उत्तरावर प्रश्न विचारता येणेही आवश्यक आहे.

ब्रिटनमध्ये टपाल कार्यालयांची अनेक केंद्रे छोटे व्यावसायिक चालवतात. त्यांना सब-पोस्टमास्तर म्हणतात. अनेकदा दुकानाच्या एका बाजूला टपालाचा काउंटर असतो आणि संपूर्ण गाव त्या माणसाला ओळखत असते. १९९९ पासून या केंद्रांत ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेब प्रणाली बसवण्यात आली. काही काळातच अनेक केंद्रांच्या हिशेबात तूट दिसू लागली. रोख मोजली तर एक आकडा येई आणि पडद्यावर दुसराच दिसे. करारानुसार तूट भरून देण्याची जबाबदारी सब-पोस्टमास्तरांवर होती. अनेकांनी घरातले पैसे घातले, कर्ज काढले. ज्यांनी मदतीसाठी फोन केले त्यांच्यापैकी कित्येकांना सांगण्यात आले की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात.

पुढे खटले सुरू झाले. न्यायालयातही संगणक बरोबर चालत आहे असेच मुळात गृहीत धरले जाई. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक सब-पोस्टमास्तरांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरवण्यात आले. काहींना तुरुंगवास झाला, काहींचे दिवाळे निघाले. ज्या गावात मान होता त्याच गावात त्यांना मान खाली घालून फिरावे लागले. ॲलन बेट्स या वेल्समधील सब-पोस्टमास्तरांनी मात्र प्रश्न विचारणे सोडले नाही. त्यांनी इतरांना शोधून एकत्र आणले. ५५५ जणांनी मिळून दावा केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की होरायझन प्रणालीत दोष होते आणि त्यामुळे हिशेबात तूट दिसू शकत होती. मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून या प्रकरणातील शेकडो जणांची शिक्षा रद्द केली. दरम्यान वीस-पंचवीस वर्षे निघून गेली होती आणि काही जण निर्दोषत्वाची घोषणा ऐकायला हयात नव्हते.

या घटनेवर थोडा वेळ थांबून चिंतन करावे. दोष यंत्रात होता, पण एवढा मोठा अन्याय एकट्या यंत्राने केला का? वर्षानुवर्षे सचोटीने काम केलेला माणूस “मी पैसे घेतलेले नाहीत” असे सांगत होता आणि समोरची माणसे पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवत होती. एवढी प्रामाणिक माणसे एकाएकी अप्रामाणिक कशी झाली, हा साधा प्रश्न विचारण्याची शक्ती त्या साखळीतल्या अनेकांनी गमावली होती. तो प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर शेकडो घरे वाचली असती.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात हा गुण आणखी महत्त्वाचा झाला आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निवाडे जसेच्या तसे सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. नवे साधन वापरण्यात गैर काहीच नव्हते, पडताळणी न करणे गैर होते. यंत्र अतिशय आत्मविश्वासाने बोलते. तो आत्मविश्वास सत्याचा पुरावा मानू नये.

(४) उत्तरदायित्व

२०२४ च्या फेब्रुवारीत कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका न्यायाधिकरणाने एका वेगळ्याच दाव्याचा निकाल दिला. नातलगाच्या मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील स्वयंचलित संवादकाने सवलतीबाबत चुकीची माहिती दिली होती. कंपनीचा बचाव असा होता की हा संवादक आपल्या उत्तरांना स्वतःच जबाबदार आहे. न्यायाधिकरणाने तो मान्य केला नाही. आपल्या संकेतस्थळावर जे सांगितले जाते त्याला कंपनीच जबाबदार आहे, मग ते साध्या पानावर लिहिलेले असो की संवादकाने सांगितलेले असो, असा निर्णय झाला आणि ग्राहकाला भरपाई मिळाली.

आपल्या देशातील व्यवस्थाही याच दिशेने विचार करते. सनदी लेखापाल जे प्रमाणपत्र किंवा अहवाल देतात, त्यावर २०१९ पासून १८ अंकी ओळख क्रमांक घेणे सक्तीचे झाले आहे. त्यामुळे त्या कागदामागे खरोखर कोणी जबाबदार सदस्य आहे का, हे पडताळता येते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे असा नियम आहे. नोंद कोणी, कधी आणि काय बदलली, हे लपवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. साधन कितीही स्वयंचलित झाले तरी शेवटी सही माणसाचीच लागते.

सही हा शब्द इथे व्यापक अर्थाने घ्यावा. संगणकाने तयार केलेले पत्र आपण पाठवले की ते आपले पत्र झाले. यंत्राने काढलेला भाव आपण गिऱ्हाइकाला सांगितला की तो आपला शब्द झाला. “सिस्टीमच तसं दाखवते, मी काय करू?” हे वाक्य आपण सर्वांनी खिडकीच्या अलीकडून ऐकलेले आहे. खिडकीच्या पलीकडे बसण्याची वेळ आपल्यावर येईल तेव्हा ते वाक्य उच्चारण्याआधी एक क्षण थांबावे. “सिस्टीम असं दाखवते, पण मी तपासून सांगतो,” एवढे म्हणणारा माणूस कोणत्याही काळात हवाच असतो.

(५) सोबत

समजा, एखाद्या पतसंस्थेत नवी संगणक प्रणाली आली आहे. तिथले ज्येष्ठ लेखनिक नव्याने लागलेल्या मुलाला म्हणतात, “बाळा, हे पान पुढे कसं सरकवायचं, जरा दाखव.” मुलगा म्हणतो, “काका, तुम्ही राहू द्या, मीच करून देतो.” हेतू चांगला आहे. काम लगेच होते. पण काका जिथे होते तिथेच राहतात आणि पुढच्या वेळी विचारायला अधिक संकोचतात.

त्याच मुलाला दुसऱ्या रीतीनेही बोलता येईल: “काका, माऊस तुमच्याच हातात ठेवा, मी सांगतो तसं करा. आणि मलाही एक सांगा, या खात्याचं कर्ज तुम्ही थांबवून का ठेवलंत? कागद तर सगळे बरोबर दिसतायत.” मग काका सांगतील की त्या घरात मागच्या पावसाळ्यात काय घडले, हप्ता कोण भरतो आणि सही कोणाची आहे. ही माहिती कोणत्याही पडद्यावर नसते. अशा रीतीने दोघेही शिकतात आणि संस्थेचाही लाभ होतो.

वेगाने बदलणाऱ्या कार्यालयात तरुणांजवळ वेग असतो आणि ज्येष्ठांजवळ संदर्भ असतो. एकाला दुसऱ्याची थट्टा वाटू लागली की दोघांचेही नुकसान होते. म्हणून ऐकून घेणे, सोपे करून सांगणे आणि कोणालाही कमी न लेखता मदत करणे ही व्यवसायातली खरी कौशल्ये आहेत. ज्या काउंटरवर फॉर्म फक्त मोबाईलवर भरायचा असतो, तिथे गोंधळून उभ्या असलेल्या आजींना “आजी, इकडे या, आपण दोघं मिळून भरू,” असे म्हणणारा कर्मचारी त्या संस्थेविषयी जेवढा विश्वास निर्माण करतो, तेवढा कोणत्याही जाहिरातीने होत नाही.

४. एक सावधगिरी

या पाठाचा चुकीचा अर्थ निघू नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्यांची नोकरी गेली ते कमी पडले, त्यांनी स्वतःला बदलले नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नये. कित्येकदा माणूस सर्व काही नीट करतो आणि तरीही त्याचे काम संपते. घरी कर्जाचे हप्ते असतात, मुलांची फी असते, आई-वडिलांची औषधे असतात. अशा माणसाला मनोवृत्तीवर व्याख्यान देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. त्याला आधी सोबत हवी असते, नंतर माहिती आणि त्यानंतर संधी.

उद्योग चालवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. कर्मचाऱ्यांना विश्वासात न घेता एका सोमवारी नवी प्रणाली सुरू करणे आणि मग “आमची माणसे बदलायला तयार नाहीत” असे म्हणणे न्याय्य नाही. शिकण्यासाठी कामाच्या वेळेत वेळ द्यावा, चुका करण्यास मुभा द्यावी, आणि जे काम यंत्राकडे जाणार आहे ते आधीच प्रामाणिकपणे सांगावे. वर पाहिलेले पाच गुण कर्मचाऱ्यांकडून अपेक्षित असतील तर ते मालकाच्या वागण्यातही दिसले पाहिजेत.

५. या आठवड्याचा अभ्यास

वाचून सोडून दिलेला पाठ अंगी लागत नाही. म्हणून पुढील सात दिवस प्रत्येकाने हा छोटा नियम करून पाहावा.

पहिल्या दिवशी आपल्या कामांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे ते काम ‘साधन’ की ‘मूळ’ ते लिहावे. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी, बरेच दिवस टाळलेली एक नवी गोष्ट रोज अर्धा तास शिकावी, आणि शक्यतो वयाने लहान असलेल्या कोणाकडून शिकावी. चौथ्या दिवशी यंत्राने दिलेले एक उत्तर हाताने पडताळावे. ते बिल असो, व्याज असो, की कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेली माहिती असो. पाचव्या दिवशी “सिस्टीम तसं सांगते” हे वाक्य दिवसभर टाळावे. सहाव्या दिवशी एका व्यक्तीला, तिच्या हातातले साधन काढून न घेता, काहीतरी शिकवावे. सातव्या दिवशी आठवड्याचा आढावा वहीत लिहावा.

सामूहिक चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या कामातला कोणता भाग उद्या यंत्राकडे गेला तरी मला दुःख होणार नाही? कोणता भाग गेला तर होईल, आणि का?

२. होरायझन प्रकरणात मी तपासनीस असतो किंवा मदत-फोनवर बसलेला कर्मचारी असतो, तर मी काय केले असते? वरिष्ठांना प्रश्न विचारण्याचे धैर्य माझ्यात आहे का?

३. “मला माहीत नाही, मला शिकवाल का?” हे वाक्य मी शेवटचे कधी आणि कोणाला म्हटले?

४. माझ्या परिचयात कोणाचे काम तंत्रज्ञानामुळे गेले आहे का? त्यांच्यासाठी आपण या गटातून नेमके काय करू शकतो?

उद्या कोणते यंत्र येईल हे आपल्याला ठाऊक नाही. ते आले की त्याच्यासमोर बसणारा माणूस शिकायला तयार असेल, आपल्या कामाचे मूळ ओळखत असेल, विचारल्याशिवाय विश्वास ठेवत नसेल, आपल्या सहीची जबाबदारी घेत असेल आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन चालत असेल, तर ते यंत्र त्याच्या हातातले चांगले साधन होईल. ही तयारी आजच्या कामापासूनच सुरू करता येते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या आठवड्याच्या नोंदींची वही सोबत आणावी.